मीटर बघायची नोकरी, पण मीटर रीडरची नव्हे

नमस्कार भाऊ,

घाटंजीहून तुमचं पत्र मिळालं. मुलाचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड झाला, आता तो ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे मोठे संगणक (सर्व्हर) रात्रंदिवस चालतात तिथे, ‘पॉवर मॉनिटरिंग’, म्हणजे विजेवर नजर ठेवायचं काम, करायचं म्हणतो. एक खासगी संस्था 3 महिन्यांच्या कोर्सचे 80 हजार मागते आणि नोकरीची हमी देते. मीटरच बघायचे तर एवढा पैसा कशाला, हा तुमचा प्रश्न.

पैसा देऊ नका. कापसाचा पैसा हमीच्या कागदावर घालू नका. पण कामाला कमी लेखू नका.

तिथे सर्व्हरच्या प्रत्येक कपाटाला, म्हणजे रॅकला, बहुधा दोन बाजूंनी वीज येते, ए आणि बी. समजा दोन्ही बाजूंच्या वीजपट्ट्या 32 अँपिअरच्या आहेत. ए वर 18, बी वर 17 चालू आहेत. वरवर सगळं ठीक. पण ए बंद पडली की सगळा भार बी वर जाऊन 35 होतो, मर्यादा ओलांडली जाते, ब्रेकर पडू शकतो आणि मग रॅक अंधारात. हे आधीच आकड्यांत ओळखायचं, तेच हे काम. शिवाय थंडाव्यावर किती वीज जाते तेही बघतात: एकूण 1500 युनिट खर्च आणि त्यातले सर्व्हरचे 1000, तर गुणोत्तर 1.5. याला पीयूई म्हणतात. ते 1 च्या जितकं जवळ, तितकी उधळपट्टी कमी.

मुलाला पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल डिप्लोमाला घाला. दोन वर्षांच्या आयटीआयवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सरकारी कॉलेजची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते. सोबत थोडं नेटवर्किंग आणि एक्सेल शिकू द्या. मीटरचे आकडे मॉडबससारख्या प्रोटोकॉलने, म्हणजे उपकरणांनी आपसात बोलायच्या ठरलेल्या भाषेत, संगणकावर येतात, तिथे निव्वळ पक्कड चालवणारा अडतो. पाळ्या रात्रीच्याही असतात, हे त्याला आत्ताच सांगा.

आणि उद्यापासून एक करा. शेतात मोटर सुरू झाली की त्याने क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजावा, एकेक वायर वेगळी धरून. तिन्ही एकत्र धरल्या तर काटा जवळपास शून्यावरच राहील. तारीख, वेळ, तीन आकडे, आठवडाभर. एखादा फेज कमी दिसला तर कारण शोधून तेही लिहावं. ती वही मला पाठवा, मग त्याच्याशीच बोलतो.