जोरदार वाऱ्यात कयाकवरून ब्रीम पकडण्याच्या स्पर्धेत कोणते आमिष चालते? नाशिकमध्ये याचा सराव होऊ शकतो का?

आपण ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात जाणार आहात, तेथे कयाकवरून, म्हणजे लहान निमुळत्या होडीवरून, ब्रीम हा मासा पकडण्याच्या स्पर्धेत उतरायचे आहे, आणि त्यासाठी वाऱ्याच्या दिवसाचे आमिष व गंगापूर धरणावरील सराव या दोन गोष्टी विचारल्या आहेत. आमिषाचे उत्तर थोडक्यात देतो. मऊ प्लास्टिकचे हलके आमिष वाऱ्यात तळाशी पोहोचत नाही, म्हणून पाव औंसापर्यंतचे धातूच्या पत्र्याचे आमिष, म्हणजे ब्लेड, किंवा खोल जाणारे लहान कठीण आमिष घ्यावे, ब्रेडेड, म्हणजे विणलेला, दोरा चार ते सहा पौंड ताण सोसणारा असावा आणि रॉडचे टोक पाण्याला टेकेल इतके खाली ठेवावे. मात्र वाऱ्याचा विषय निघाला की प्रत्येक जण आमिषापासूनच सुरुवात करतो, हे मला नेहमी खटकते. वाऱ्यातील स्पर्धेचा निकाल कयाक कोणत्या काठाला आहे आणि ती तेथे किती वेळ स्थिर राहते, यावर लागतो.

नोकरीनिमित्त मेलबर्नला असताना मी आणि माझा एक सहकारी, तोही नाशिकचाच, सिडकोत वाढलेला, व्हिक्टोरियातील गिप्सलँड लेक्स या तलावसमूहावरील एका स्पर्धेत उतरलो होतो. पहाटेपासून नैऋत्येचा वारा होता आणि उजाडेपर्यंत त्यांतील लेक किंग या तलावावर पांढऱ्या लाटा फुटू लागल्या होत्या. बहुतेक स्पर्धक निकल्सन नदीच्या आडोशाला गेले आणि माझा सहकारीही त्यांच्याबरोबर गेला. त्याच्याजवळ आमिषांच्या चार पेट्या होत्या आणि शांत पाण्यात योग्य रंग सापडला की मासे मिळतीलच, असे त्याचे ठाम मत होते. मी मिचेल नदीच्या मुखाशी गेलो. तेथे नदीने आणलेल्या गाळाचे अरुंद बांध तलावात कित्येक किलोमीटर आत गेलेले आहेत. त्यांची दक्षिणेकडील बाजू त्या दिवशी थेट वाऱ्याच्या तोंडाला होती.

त्या काठाला लाटा आपटून पाणी दोन-तीन मीटरपर्यंत गढूळ झाले होते, आणि मला नेमके तेच हवे होते. काळा ब्रीम पंचवीस वर्षांहून अधिक जगू शकतो, त्याची वाढ फार सावकाश होते आणि मापात बसणारा मासा अनेक वर्षे माणसांना चुकवत आलेला असतो. सपाट, नितळ, उथळ पाण्यात त्याला कयाकची सावलीही पुरते. वाऱ्याने पृष्ठभाग मोडला की वरचे त्याला स्पष्ट दिसत नाही, आणि लाटांनी दगडांमधील किडे, कोळंबी व लहान खेकडे सुटे होऊ लागले की तो बेधडक काठाला येतो. शिंपले फोडणारे भक्कम दात असलेला हा मासा अशा वेळी आमिषाचा रंग निरखत बसत नाही.

मी ड्रोग, म्हणजे पाण्यात फुगणारी कापडी छत्री, कयाकच्या मागील टोकाला बांधली. त्यामुळे कयाकचे तोंड काठाकडे राहिले आणि ती अगदी सावकाश पुढे सरकत राहिली. वारा पाठीशी असल्याने फेक लांब जात होती आणि दोऱ्याला पोट येत नव्हते, त्यामुळे माशाचा हलका टोलाही हाताला कळत होता. काठ जवळ आला की ड्रोग ओढून घ्यायची, पायाने पेडल मारत वळसा घालून पुन्हा वर जायचे आणि त्याच पट्ट्यावरून यायचे, असे सकाळभर चालले. दमणूक खूप झाली. व्हिक्टोरियात ब्रीमचे किमान माप २८ सेंटीमीटर आहे आणि आमच्या स्पर्धेत दिवसाला तीनच मासे, तेही जिवंत, वजनाला द्यायचे होते. माझे तीनही मासे मापात होते आणि त्यांतील एक किलोच्या वर होता. हे सर्व एकाच ब्लेडवर मिळाले. सहकाऱ्याने आडोशात पेट्यांमागून पेट्या उघडल्या, पण त्याचे तीन मासे पूर्ण झाले नाहीत.

आता आम्ही दोघेही नाशिकला परतलो आहोत आणि आजही कॉलेज रोडवर चहाला भेटलो की ते माझे नशीब होते, असेच तो म्हणतो. त्याचा दुसरा आक्षेप असा की आडोसा सुरक्षित असतो आणि मी धोका पत्करला. या आक्षेपाचे उत्तर मी येथे लिहूनच ठेवतो, कारण आपल्यालाही ते उपयोगी पडेल. मोकळ्या तलावाचा आडोशाचा काठ म्हणजे ज्या काठावरून वारा पाण्याकडे वाहतो तो काठ. पेडल तुटले किंवा वल्हे हातून सुटले, तर तेथील वारा आपल्याला तलावाच्या मध्याकडे नेतो, आणि जितके आत जावे तितक्या लाटा मोठ्या होतात. वाऱ्याच्या तोंडाच्या काठावर हेच घडले तर आपण जमिनीला लागतो. दगडावर कयाक घासेल, कदाचित उलटेलही, पण माणूस कंबरभर पाण्यात उभा असेल. नशिबाचे म्हणाल, तर संपूर्ण सकाळ एकाच पट्ट्यावर कयाक ताब्यात ठेवण्याला नशीब म्हणणे मला मान्य नाही.

अर्थात, हे सर्व पंधरा नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या, आसपासच्या वाऱ्याला लागू आहे. तेथील हवामान खाते २६ नॉटपासून जोरदार वाऱ्याचा इशारा देते, आणि झोत सरासरीपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत अधिक असू शकतात. इशारा असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नका. नांगर किंवा ड्रोग कयाकच्या मध्यभागी कडेला कधीही बांधू नका, कारण लाट आडवी आली की कयाक तिथल्या तिथे उलटते. लाइफ जॅकेट तेथे कायद्यानेच सक्तीचे आहे आणि मासेमारीचा परवानाही काढावा लागतो.

गंगापूर धरणाविषयी सांगायचे तर तेथे ब्रीम नाही, आणि रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा लावून बसण्याचा या स्पर्धेशी काही संबंध नाही. जलाशयातील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी विचारणा करा, आणि कयाक उतरवण्याची परवानगी वेगळी घ्या. कयाक ताब्यात ठेवण्याचा सराव मात्र तेथे उत्तम होतो. त्यासाठी गळाचीही गरज नाही. काठावरील एखादा दगड हेरा, ड्रोग सोडून त्याच्या दिशेने या, ती ओढून घ्या आणि वाऱ्याविरुद्ध पुन्हा वर जा. सकाळचे शांत पाणी या कामाचे नाही, म्हणून उन्हाळ्यातील दुपारची वेळ निवडा, आणि धरणाच्या भिंतीपासून व दरवाजांपासून पुष्कळ दूर राहा.