पदवी दुसऱ्या विषयाची, आणि व्हायचे आहे फिजिओथेरपिस्ट

“माझी पदवी प्राणिशास्त्राची आहे, वय चौतीस आहे. दोन वर्षांच्या एम.एस्सी.नंतर मी फिजिओथेरपिस्ट झाले, तरी पदवीपासून हेच शिकलेल्यांपुढे कायम कच्चीच राहीन का, मॅडम?” मूळची सांगलीकडची आणि आता इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली एक विवाहिता ऑनलाइन समुपदेशनात मला हे विचारत होती. वेगळ्या विषयातून या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या अनेकांच्या मनात हीच धास्ती असते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तिच्या माहेरच्यांचा या दोन वर्षांवर विश्वास बसत नव्हता आणि ते साहजिक होते. महाराष्ट्रात या व्यवसायात शिरायचे तर चार वर्षांचा अभ्यास व त्यानंतरची इंटर्नशिप असलेली बी.पी.टी.एच. ही फिजिओथेरपीची पदवी करावी लागते, आणि एम.पी.टी.एच. या पदव्युत्तर पदवीचा विचार त्यानंतरच होतो. ब्रिटनमध्ये मात्र संबंधित विषयातील पदवीधरांसाठी ‘प्री-रजिस्ट्रेशन’, म्हणजे व्यवसायाच्या नोंदणीसाठी पात्र करणारी एम.एस्सी. असते. ती साधारण दोन वर्षांत पूर्ण होते आणि त्यानंतर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेकडे नोंदणीसाठी अर्ज करता येतो. तिथे ‘फिजिओथेरपिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित असून नोंदणीशिवाय ती लावणे गुन्हा ठरतो. नोंदणीसाठी लागणारी पात्रतेची मानके पदवीच्या वाटेने आलेल्यांना आणि एम.एस्सी.च्या वाटेने आलेल्यांना एकच आहेत, त्यामुळे तिच्या ‘कच्चेपणा’ला नियमांत कुठेही आधार नव्हता.

खरा धोका तिने निवडलेल्या अभ्यासक्रमांच्या यादीत होता. त्यांपैकी एक ‘ॲडव्हान्स्ड फिजिओथेरपी’चा होता, आणि तो आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठी, म्हणजे आपल्याकडची बी.पी.टी.एच. झालेली मुले पुढील शिक्षणाला जातात तशा प्रकारचा होता. नावातील एवढ्या साम्यामुळे वर्षे आणि पैसा दोन्ही वाया जाऊ शकतात, म्हणून अभ्यासक्रम नियामक संस्थेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की नाही हे अर्जापूर्वी स्वतः पाहावे, असे मी तिला आग्रहाने सांगितले.

त्यानंतर आम्ही बराच वेळ एकाच गोष्टीवर बोललो. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रोज घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने त्यांना पुन्हा जिना चढता येईपर्यंत कशी साथ दिली, हे तिने जवळून पाहिले होते आणि तिच्या ओढीचे मूळ तिथे होते. ही ओढ मला मोलाची वाटते, पण गुडघे आणि खेळाडूंच्या दुखापती एवढाच हा व्यवसाय नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या छातीत साचलेला कफ मोकळा करणे, पक्षाघातानंतर महिनोन्महिने अगदी थोडा फरक पडणाऱ्या हातावर काम करत राहणे, व्यायाम करायला साफ नकार देणाऱ्या आजोबांशी उद्या पुन्हा बोलायला जाणे, हे सारे त्यात येते. तिथल्या शिक्षणात सुमारे १,००० तास रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करावे लागते, आणि त्यासाठी मिळणारे रुग्णालय घराजवळ असेलच असे नाही. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. त्यामुळे वयापेक्षा रुग्णालयातील कामाच्या आठवड्यांत मुलीला शाळेत कोण पोहोचवणार, या प्रश्नाचे उत्तर नवऱ्याशी बसून आधी ठरवणे मला अधिक गरजेचे वाटले.

पैशाचा प्रश्न तिच्या बाबतीत तुलनेने सोपा होता. तिला तिथे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेली असल्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांची भरमसाट फी लागू होण्याची शक्यता कमी होती आणि इंग्लंडमधील पात्र विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वार्षिक ५,००० पौंडांच्या, परत न करावयाच्या अनुदानासाठीही ती अर्ज करू शकत होती. भारतातून थेट जाणाऱ्याने मात्र हा हिशेब स्वतःला लावू नये.

तिने त्या वर्षी अर्ज केला नाही. एका रुग्णालयात थेरपी असिस्टंट म्हणून काम धरले, वृद्धांच्या वॉर्डात बरेच महिने काढले आणि मग पुढच्या प्रवेशफेरीत अर्ज भरला. या अनुभवामुळे मुलाखतीत तिला बोलण्यासारखे पुष्कळ होते आणि प्रवेशही मिळाला. पुढेमागे सांगलीला परतून व्यवसाय करण्याचा विचार तिने अजून सोडलेला नाही. आपल्याकडे मूळ पदवीच पाहिली जात असल्याने, या एम.एस्सी.वर नोंदणी मिळेल का, हे फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्राच्या परिषदेला लेखी विचारून उत्तर जपून ठेवण्यास मी तिला सांगितले असून तिने ते पत्र पाठवले आहे.