हातउसन्याची वही

प्रश्न : काकू, मी २९ वर्षांची, नाशिकला अंबड एमआयडीसीत पॅकिंगला आहे. पगार १५,४००, हातात येतात १३,४०४. घरी आई आणि धाकटा भाऊ. त्याचं काम कधी असतं, कधी नसतं. वर्षभर रोजचा खर्च वहीत लिहितेय, तरी वीस तारखेला पाकीट रिकामं. बाहेरचा चहा सोडला, आता पार्लरही बंद करू का? मैत्रिणी हजाराच्या भिशीत ये म्हणतात. वहीची पानं आणि पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवतेय.

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकटीच्या वयाची आहेस. आयब्रो खुशाल कर. साठ रुपयांनी कोणाचं घर बुडालेलं मी पाहिलं नाही, आणि सत्तावीस वर्षं पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बचत खात्याची, एजंट म्हणून मी दारोदार फिरले आहे.

तुझी पानं घेऊन बसले. भाडं ३,५००, किराणा ३,२००, दूध ९००, भाजी १,०००, गॅस-वीज १,०५०, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या ८५०, रिक्षा ७००. झाले ११,२००. तुझा स्वतःचा खर्च, रिचार्ज, साबण-तेल, पॅड, आयब्रो सगळं धरून, ६४०. म्हणजे दीड हजारावर शिल्लक राहायला हवी. मग पुन्हा पान वाचलं. आठ तारखेला ‘दादू ५००’. चौदाला ‘दादू पेट्रोल ३००’. एकोणीसला नुसतंच ‘दिले ७००’. कोणाला, ते लिहायचाही तुला संकोच वाटला. पंधराशे तिथे गेले, उरले चौसष्ट.

आमच्या भागात एक बाई होत्या. मी दारात गेले की मोठ्याने म्हणायच्या, “आज नाही हो, पुढच्या महिन्यात या.” आत नवरा खाटेवर असायचा. मी गल्लीच्या टोकाला नळाशी थांबायची. पाच मिनिटांनी त्या हंडा घेऊन यायच्या आणि हंड्याखाली हाताच्या तळव्यात घामेजलेल्या दोन शंभराच्या नोटा असायच्या. पाच वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. खर्चाची वही त्यांनी कधी ठेवली नाही, लिहायला येतच नव्हतं. पैसे साठलेत हे घरात कळलं की मागणारा हात पुढे येतो, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर तू खर्चाची वही बंद कर आणि हातउसन्याची उघड. भावाला आठ तारखेला एकदाच सहाशे दे आणि त्याच्यासमोर लिही. पुन्हा मागितले तर वही दाखव. उरलेल्यातून आरडी काढ, कशी ते खाली सांगते, पण तिचं घरी बोलू नकोस. हो, लपवायलाच सांगतेय.

आता स्लिप. पीएफचे १,६८० जातात, ते जाऊ देत, ती तुझीच बचत आहे. कंपनीही आपला वाटा घालते, त्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो. पासबुक मोबाइलवर दिसतं, बघत जा, आणि नोकरी बदललीस तरी काढू नकोस. पण खालच्या ओळीत व्यवसाय कराचे २०० कापलेत ते कशाला? महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर लागतच नाही. फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. अकाउंटच्या माणसाला स्लिप दाखवून विचार. भांडू नकोस, ‘चुकून राहिलं असेल’ म्हण. असं म्हटलं की काम लवकर होतं.

दुसरी ओळ ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, ११६ रुपये. हे तू दर महिन्याला भरतेस आणि आईच्या गोळ्या मेडिकलमधून विकत आणतेस! तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईलाही त्यात उपचार मिळतात, तिचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत असलं की झालं. कार्डावर तिचं नाव आहे का बघ, नसेल तर एचआरला सांगून घालून घे. सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. रांग असते, सुट्टीचा अर्धा दिवस जाईल, एखादी गोळी बाहेरून घ्यावी लागेल. तरी साडेआठशेतले बरेच वाचतील.

भिशीबद्दल मला विचारू नकोस, मी पोळलेली आहे. बारा जणींची होती, माझा नंबर नववा. सातव्या महिन्यात चालवणारी बाई खोली सोडून गेली. आता भिशीचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, तेव्हा माझं मत एकांगी समज.

पोस्टात आरडी काढ. शंभरापासून निघते, मुदत पाच वर्षं. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्याज ६.७ टक्के झालं. खातं उघडताना असलेला दर शेवटपर्यंत राहतो. त्या दराने महिना पाचशेचे, म्हणजे भरलेल्या तीस हजारांचे, साडेपस्तीस हजारांवर होतात. खातं पंधरा तारखेच्या आत उघड, म्हणजे दर महिन्याला पंधरापर्यंत हप्ता चालतो आणि तुझा पगार सातला होतो. चुकला तर शंभराला एक रुपया दंड, पण लागोपाठ चार चुकवू नकोस, खातं बंद पडतं.

आणि एक एजंटकीतलं सांगते. हजाराचं एक खातं काढू नकोस. पाचशेचं आत्ता काढ, दुसरं पाचशेचं व्यवसाय कराचे आणि गोळ्यांचे पैसे वाचायला लागले की. तीन वर्षांच्या आत आरडी मोडता येत नाही, नंतर मोडली तर बचत खात्याचंच व्याज हाती लागतं. दोन असली की अडचणीला एक मोडायची, दुसरी चालू ठेवायची. शिवाय वर्षभराचे हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्मं कर्जही मिळतं, आधी ते विचार.

पुढच्या महिन्याची स्लिप पाठव. व्यवसाय कराच्या ओळीत काय आहे ते मला बघायचंय.