पॉलिग्राफ, लाय डिटेक्टर की सत्यशोधन चाचणी?

एका वाचकाने विचारलंय: बातम्यांत कधी ‘पॉलिग्राफ’, कधी ‘लाय डिटेक्टर’, तर कधी ‘सत्यशोधन चाचणी’ असं छापून येतं. तिन्ही एकच का? मराठीत लिहिताना कोणता शब्द घ्यावा?

चाचणी एकच. (नार्को मात्र निराळी, तिथे औषध टोचतात. बातम्यांत दोन्हींची सर्रास खिचडी होते.) शब्दाचं म्हणाल तर माझं मत ‘पॉलिग्राफ’ला.

ग्रीकमध्ये ‘पॉली’ म्हणजे अनेक आणि ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणं. श्वास, नाडी-रक्तदाब आणि तळव्यांचा घाम यांच्या रेघा हे यंत्र एकाच वेळी काढतं. खोट्याची अशी वेगळी रेघ त्यात नसते. अशी यंत्रं आधी हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे होती. अमेरिकेत बर्कलीच्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सनने १९२१ मध्ये ती कल्पना चौकशीला जुंपली.

यामागचं तत्त्व ‘चोराच्या मनात चांदणं’ एवढंच. परीक्षक मुद्दाम एक आडवा प्रश्न घालतो: ‘आयुष्यात कधी कुणाला फसवलंयत?’ ‘नाही’ म्हणताना कुणीही थोडा चाचरणारच. मग ‘पैसे तुम्हीच घेतलेत का?’ याला छाती त्याहून जास्त धडधडली, की माणूस खोटा. आता निरपराध माणूस पैशांच्याच प्रश्नाला जास्त घाबरणार नाही, हे कुणी सांगितलं? उलट रशियाला माहिती विकणारा सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सहीसलामत सुटला. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २००३ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं, की ही चाचणी नाणेफेकीपेक्षा बरी, पण अचूकतेपासून फार लांब.

तरी ती टिकून आहे, कारण खुर्चीवर बसवून पट्टे बांधले की पुष्कळ जण आपणच कबूल होतात. पोलिसांना एवढं पुरतं, आणि त्या धाकात ‘लाय डिटेक्टर’ या नावाचा वाटा मोठा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात संमतीशिवाय ही चाचणी घ्यायला मनाई केली; संमतीने घेतली तरी तिचा निकाल पुरावा म्हणून चालत नाही.

‘सत्यशोधन’ हा भारदस्त शब्द. पण महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ज्या अर्थाने तो रुजवला, त्यात शोध माणसाने घ्यायचा होता. तो या पट्ट्यांना बहाल करणं मला खटकतं. ‘पॉलिग्राफमध्ये आरोपी खोटा ठरला’ असंही लिहू नये. ‘आरोपी खोटं बोलत असल्याचं परीक्षकाचं मत’ असं लिहावं.