'पोरीची नोकरी जाणार का, मॅडम?' बातम्यांनी झोप उडालेले एक वडील

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी एक काळजी सारखी ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी हिंजवडीला, खराडीला, नाहीतर बंगळुरूला आयटीत असते. इकडे सोलापुरात टीव्ही लावला की 'आयटीत हाहाकार', मोबाइल उघडला की 'एआय नोकऱ्या गिळणार'. बघितलं तर छातीत धडधडतं आणि नाही बघितलं तर चैन पडत नाही. मग प्रश्न येतो, यातलं खरं किती मानायचं? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही. म्हणून एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

त्यांना आपण अण्णा म्हणू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारा, दुरुस्त करणारा. मागाचा नुसता आवाज ऐकून कुठे बिघडलंय ते सांगणारा माणूस. मोठी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत, धाकटा बारावीला. अण्णांना माझ्याकडे आणलं त्यांच्या पत्नीने, आणि तेही अण्णांची झोप गेली म्हणून नव्हे, तर मुलीने त्यांचा फोन उचलणं बंद केलं म्हणून. धाकट्याला कॉम्प्युटरला जायचं होतं, त्यालाही अण्णांनी साफ नकार दिला होता.

"मी काय वेडा नाही, मॅडम," खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले. "बातमीच तशी येतीय, त्याला मी काय करू?"

आधी त्यांना डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यायला लावलं. धडधड मनाचीच असेल असं तपासणीआधी कुणी गृहीत धरू नये. रिपोर्ट ठीक आले, मग आम्ही कामाला लागलो.

मी त्यांना मोबाइल उघडायला सांगितलं आणि शेजारी बसून बघितलं. एकाखाली एक व्हिडिओ. प्रत्येकाच्या चित्रात लाल बाण, डोकं धरून बसलेला टाय घातलेला तरुण, आणि पिवळ्या अक्षरांत 'सावधान!', 'हजारोंना नारळ', 'आयटीचा फुगा फुटला'. वेगवेगळ्या चॅनेलांवर तोच तरुण, तोच फोटो. काही व्हिडिओ जवळपास वर्षापूर्वीचे होते, पण अण्णांना ते आजचेच वाटत होते, कारण ते आज समोर आले होते. एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की त्याच जातीचे आणखी दहा पुढ्यात टाकायचे, अशीच त्या ॲपची रचना असते. अण्णांना वाटत होतं की सगळं जग एकच गोष्ट सांगतंय.

यामागे धंदा आहे आणि तो मोजलेला आहे. 2023 साली 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या एका संकेतस्थळाच्या एक लाखाहून अधिक मथळ्यांची त्यात तपासणी होती. मथळ्यात एकेक नकारात्मक शब्द वाढला की त्यावर क्लिक होण्याचं प्रमाण सरासरी 2.3 टक्क्यांनी वाढत होतं. 'हाहाकार' आणि 'गंडांतर' हे शब्द मथळ्यात का बसतात, ते यावरून कळावं.

मग आम्ही एक कोरा कागद घेतला. अण्णांना सर्वांत जास्त धसका बसला होता तो जुलै 2025 मधल्या टीसीएसच्या बातमीचा: 'बारा हजार जणांना घरी पाठवणार.' मी विचारलं, किती जणांपैकी? त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पाहिलेल्या एकाही व्हिडिओने ते सांगितलं नव्हतं. त्या वेळी कंपनीत साधारण 6 लाख 13 हजार माणसं होती, म्हणजे कपात सुमारे 2 टक्क्यांची, आणि ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत होईल असं कंपनीने म्हटलं होतं. अण्णांची मुलगी ना त्या कंपनीत, ना त्या फळीत. दुसरं उदाहरण घेतलं. नोव्हेंबर 2022 मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने 11 हजार जण कमी केले, जानेवारी 2023 मध्ये गुगलने 12 हजार. मथळ्यात दोन्ही सारखेच. पण मेटात ते सुमारे 13 टक्के होते, म्हणजे दर आठांत एक, आणि गुगलमध्ये सुमारे 6 टक्के, म्हणजे सोळा-सतरांत एक. अण्णा आकड्यांचा माणूस. शंभर टॉवेलांत डागी किती निघाले ते रोज बघणारा. कागदाकडे बघून म्हणाले, "आमच्यात नुसतं 'बारा डागी निघाले' म्हणलं तर मालक पहिलं विचारतो, कितीत?"

इथे थांबले असते तर अण्णा खूश होऊन गेले असते. पण ते अर्धंच झालं असतं. टीसीएसचे सप्टेंबरअखेरचे आकडे ऑक्टोबरमध्ये आले तेव्हा कर्मचारीसंख्या एका तिमाहीत जवळपास 20 हजारांनी घटून सहा लाखांच्या खाली आली होती. स्वतःहून सोडून गेलेलेही त्यात होते, पण घट जुलैच्या मथळ्यापेक्षा मोठी होती. पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने आधीच केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. मी हेही कागदावर लिहिलं. अण्णांचा चेहरा पडला. "म्हणजे बातमी खरीच होती की ओ!"

त्यांना वाटलं होतं, समुपदेशक म्हणजे 'काही होत नाही हो' म्हणणारी बाई. मी तसं म्हणत नाही. खोटा धीर चार दिवस टिकतो आणि मग माणूस तुमच्यावरचाही विश्वास गमावतो. मी त्यांना म्हटलं, "ही ऑक्टोबरची बातमी तुमच्यापर्यंत आली होती का?" नव्हती आली. तिच्यात लाल बाण नव्हता. मला सनसनाटीचा सर्वांत जास्त राग येतो तो याचसाठी. ती घाबरवते ते आहेच, पण ज्याला खरंच कळायला हवं त्याच्यापर्यंत कामाची माहिती तेवढ्याच जोरात पोचत नाही. रात्र रात्र जागून अण्णांना घाबरायला भरपूर मिळालं होतं आणि कळलं मात्र फार थोडं होतं.

काही बातम्या तर मुळातच वेगळ्या असतात. 'यंत्रं आपसात गुप्त भाषेत बोलू लागली, घाबरून फेसबुकला वायर काढावी लागली' ही 2017 ची गोष्ट अण्णांच्या मोबाइलवर अजून फिरत होती. घडलं होतं ते असं. फेसबुकचे संशोधक दोन प्रोग्रामना चेंडू, टोप्या, पुस्तकं वाटून घेण्याची घासाघीस शिकवत होते. नीट इंग्रजी बोलण्याचं बंधन त्यांना घातलेलं नव्हतं, त्यामुळे ते तेच तेच शब्द उलटसुलट फेकू लागले. संशोधकांना माणसांशी बोलणारा प्रोग्राम हवा होता, म्हणून त्यांनी मांडणी बदलली. घाबरायचा प्रश्नच नव्हता. अण्णा यावर बराच वेळ गप्प होते. ही गोष्ट त्यांनी कारखान्यात कितीतरी जणांना सांगितली होती.

आणि फुगवणं एकाच बाजूने होतं असंही नाही. मुलगी बारावीला असताना अण्णांनी पेपरातलं एक कात्रण जपलं होतं: कॅम्पसमधून एका मुलीला मिळालेलं लाखोंचं 'पॅकेज'. वर्गातल्या बाकीच्यांना किती मिळालं, हे त्या बातमीत नव्हतं. तेव्हा 'कितीपैकी?' हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण बातमी गोड होती. आज कडू बातमीलाही तोच प्रश्न विचारायचा राहतो. शिवाय वृत्तमाध्यमं आणि बड्या टेक कंपन्या जाहिरातीच्या एकाच पैशावर जगतात. भारतातल्या डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्ये गुगलची चौकशी लावली होती. तेव्हा गुगलबद्दल लिहिणारा कधी कधी गुगलशी भांडणाराही असतो, आणि कधी त्याच्याच जाहिरातीवर चालणारा. बातमी त्यामुळे खोटी ठरत नाही, पण सांगणारा कुठे उभा आहे ते बघून वाचावी.

हे सगळं अण्णांना पटलं. तरी रात्री दोनला त्यांचा हात मोबाइलकडे जातच होता.

पटलं म्हणून भीती जाते असं नाही, कारण तिचं मूळ बहुतेक वेळा बातमीत नसतं. नंतरच्या एका भेटीत मी सहज विचारलं, घरात आधी कुणाची नोकरी गेली होती का? अण्णांनी मान खाली घातली. वडील गिरणीत होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. "कुणी काय सांगितलंच नव्हतं, मॅडम. दादा डबा घेऊन गेले आन् गेटवरनं परत आले." पुढे कितीतरी महिने ते रोज त्याच वेळी गेटवर जाऊन उभे राहायचे. देणी मिळतील म्हणून तारखा झाल्या. आईने विड्या वळायला घेतल्या. अण्णांची शाळा सुटली आणि ते मागावर लागले.

सोलापुरात अशी घरं किती आहेत ते मी सांगायला नको. ज्या गावाने गिरण्या बंद होताना पाहिल्या, त्या गावात 'कपात' हा शब्द नुसता कानावर पडत नाही. हुरड्यात आलेल्या ज्वारीची माळ्यावर बसून राखण करावी, तशी अण्णा रात्रभर बातम्यांची राखण करत होते. या वेळी आपण बेसावध सापडायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. त्यांच्या बघण्यात माया होती. ती घरातल्यांनाच काय, त्यांना स्वतःलाही दिसत नव्हती.

मुलीला हे माहीत नव्हतं. आजोबा गिरणीत होते एवढंच तिने ऐकलं होतं. दोघांच्या संमतीने आम्ही एकदा तिला फोनवर घेतलं. ती आधी चिडूनच बोलली. "अण्णा, तुम्ही रोज विचारता, तुमच्याकडं कपात झाली का? मला वाटतं, मी उद्याच जाणार. ऑफिसात तेच, घरच्या फोनवर तेच." मग अण्णांनी तिला गेटची गोष्ट सांगितली. ती रडली. आणि त्यानंतर जे बोलली ते एकाही व्हिडिओत मिळालं नसतं. तिचा प्रोजेक्ट कधीपर्यंत आहे, नोटीस पिरियड किती, बँकेत सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम तिने बाजूला ठेवलीय, डोक्यावर कर्ज नाही, नवीन काय शिकते आहे. तिचा खरा त्रास वेगळाच होता. रात्री उशिरापर्यंतचे कॉल आणि सुटलेलं जेवण. कपातीच्या चौकशीत 'जेवलीस का?' हे विचारायचं बापाकडून राहूनच गेलं होतं.

त्या दिवशी दोघांत एक करार झाला. कंपनीत काहीही वाकडं दिसलं तर ती त्याच दिवशी आधी अण्णांना सांगेल. अण्णांनी कपातीबद्दल स्वतःहून विचारायचं नाही. माझ्या मते खरा गुण या कराराने आला, कारण राखणीची आता गरज उरली नाही. बाकीचे उपाय साधे होते. सकाळी पेपर वाचायचा, संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकदाच टीव्हीवरच्या बातम्या, व्हिडिओ ॲपच्या सूचना बंद, भडक चॅनेल दिसलं की 'रस नाही' दाबायचं, आणि झोपताना मोबाइल स्वयंपाकघरात. पहिले काही दिवस त्यांना फार जड गेले. रात्री उठून स्वयंपाकघरात जाऊन आले, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मला नेहमी विचारतात, मग बातम्या बघूच नयेत का? बघाव्यात. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात 8 कोटी 70 लाख लोकांपर्यंतची फेसबुकवरची माहिती बाहेर गेली असावी, हे 2018 मध्ये जगाला कळलं ते पत्रकारांमुळेच. कंपनीचं प्रसिद्धिपत्रकही एक बाजूच असते. फक्त मात्रा सांभाळावी. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला, असं एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं.

दोन-तीन आठवडे झोप नीट लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, बातमी नसतानाही छाती धडधडत असेल, किंवा घरात बोलणंच तुटलं असेल, तर थांबू नका. जवळ कुणी नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

अण्णांची झोप आता बरीच सुधारली आहे. कपातीची बातमी आली की अजून ते अस्वस्थ होतात, पण कागद काढून 'कितीपैकी' लिहितात. धाकट्याच्या प्रवेशाचा वाद मात्र मिटलेला नाही. अण्णांना वाटतं त्याने मेकॅनिकल घ्यावं, तो कॉम्प्युटरवर अडून आहे, आणि मुलगी फोनवरून भावाची बाजू घेते. आता तो वाद फीवर आणि मुलाच्या आवडीवर चालतो, त्यामुळे मी त्यात पडलेले नाही.