छाल्यावर लावलेलं औषध टिकत का नाही?

प्रश्न : नमस्कार सर. माझ्या बाबांना तोंडात वारंवार छाले येतात, डेंटिस्टनी ट्रायमसिनोलोनची (सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडची) पेस्ट दिली आहे पण लावली की पाच मिनिटांत लाळेबरोबर पोटात. मुलगी बी.फार्म.ला आहे, ती म्हणते आता जास्त चिकटणारे पॉलिमर निघालेत. हे खरं आहे का, आणि तोवर आम्ही काय करावं? – एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, आधी बाबांचं बघू. पेस्ट चोळून लावताय का? बहुतेक जण मलमासारखी चोळतात आणि तिथेच घोळ होतो. या पेस्टचा जुना, सगळ्यात माहितीतला बेस म्हणजे जिलेटिन, पेक्टिन आणि सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज), तिन्ही कोरडी पावडर तेलकट जेलमध्ये कालवलेली. ती पावडर ओल्या त्वचेतलं पाणी ओढून फुगते आणि फुगता फुगताच चिकटते. चोळलं की ती रवाळ होऊन सुटते. म्हणून छाला स्वच्छ गॉजने हलकेच टिपायचा, थोडीशी पेस्ट बोटावर घेऊन नुसती दाबायची, गुळगुळीत पापुद्रा धरेपर्यंत थांबायचं. जेवणानंतर लावा, आणि रात्री झोपताना तर नक्कीच, कारण झोपेत लाळ खूप कमी सुटते आणि औषधाला अख्खी रात्र मिळते.

आता मुलीचं म्हणणं, ते अगदी खरं आहे. तोंड, डोळा, आतडं, सगळीकडे वर चिकट पातळ थर असतो, त्यात म्युसिन नावाचं प्रोटीन. पॉलिमर म्हणजे लांब साखळीसारखे रेणू, त्या साखळ्या म्युसिनच्या साखळ्यांत घुसून गुंतल्या तर औषध टिकतं. पाणी कमी पडलं तर साखळ्या उलगडत नाहीत, जास्त झालं तर भेंडीच्या तारेसारखं बुळबुळीत होऊन सगळं घसरतं, त्यामुळे नुसतं घट्ट जेल केलं की झालं असं नसतं.

म्युसिनवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेला कायटोसॅन हा पॉलिमर, जो पॉझिटिव्ह असतो, त्याला धरतो. पण अडचण अशी की कायटोसॅनचा चार्ज आंबट वातावरणातच नीट राहतो आणि लाळ जवळपास न्यूट्रल, मग त्याच्यावर कायमचा चार्ज बसवलेले ट्रायमिथाइल कायटोसॅनसारखे प्रकार केले गेले.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ते थायोमर. ऑस्ट्रियातल्या आंद्रेआस बर्नकॉप-श्न्यूर्श यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या शेवटी ते पुढे आणले. पॉलिमरला सल्फरचे छोटे हूक लावायचे, म्युसिनमध्येही सिस्टीनचा सल्फर असतोच, दोन्ही जुळले की पक्का रासायनिक बंध होतो, आपल्या केसांना मजबुती देणारा तोच हा बंध. साधं चिकटणं वेगळं आणि असं जोडलं जाणं वेगळं. फक्त हवा लागली की हे हूक आपसातच जुळून वाया जातात, म्हणून वापरायच्या आधी ते झाकून ठेवायची युक्तीही नंतर निघाली.

आणि चिंचोका! पूर्वी घोंगडीला चिंचोक्याची खळ देत, तिच्यातल्याच पॉलिसॅकराइडची (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीची) ठेवण म्युसिनशी मिळतीजुळती आहे आणि कोरड्या डोळ्यांच्या ड्रॉप्समध्ये ते वापरतात. चिंचेच्या झाडाखाली पडलेली ही गोष्ट, आपल्या पोरांनी तिच्यावर काम करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

एक मर्यादा मात्र राहतेच, शरीर म्युसिनचा हा थर सतत नवा बनवतं आणि जुना टाकतं, त्यामुळे पॉलिमर कितीही पक्का धरला तरी जुन्या थराबरोबर तोही जातो.

बाबा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असतील तर तो आधी बंद करा, खरंच. छाला दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर पेस्ट लावत बसू नका, डेंटल कॉलेजात नेऊन तपासून घ्या, गरज असेल तर ते तुकडा काढून तपासतील.

मुलीला प्रोजेक्ट करायचा असेल तर खाटकाकडून बकऱ्याच्या गालाची आतली त्वचा आणून त्यावर पॉलिमरची गोळी ठराविक वजनाने, ठराविक वेळ दाबायची आणि ती ओढून सुटायला किती जोर लागतो ते मोजायचं, कॉलेजच्या लॅबमध्ये हे साध्या तराजूत थोडा बदल करूनही जमतं. त्वचा ताजी हवी आणि ओली ठेवायची, वाळली तर आकडे चुकतात.