पत्र्याच्या शेडमध्ये शिलाई: आधी एवढंच बघा

ताई, स्वतःची जागा मिळाली, फार छान झालं! रंग, कपाटं नंतर, आधी पाणी.

पावसाळ्यात स्क्रूच्या वॉशरपाशी गळतं आणि थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो. मी घाईत आधी सीलिंग मारलं. पांढऱ्या पॉपलिनच्या ताग्यावर गंजाचे तांबूस ठिपके पडले, धुऊनही गेले नाहीत. म्हणून आधी गळती बंद, मग पत्र्याला लागून इन्सुलेशन (उष्णता-थंडी अडवणारा थर), सीलिंग शेवटी.

- वायरिंग भिंती झाकण्याआधी, पाइपातून. शेडच्या सांगाड्याला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज बाहेर झिरपली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, इथे काटकसर अजिबात नको.
- इस्त्रीला वेगळी लाइन.
- मशीनवर स्वतंत्र दिवा. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसला पाहिजे.

जमिनीला गुळगुळीत विनाइल घाला, पडलेली सुई लगेच सापडते.